होडीतून नेलेलं बाळ

"त्यांच्या पंगतीत तुझा कायदा वाढू नकोस, मोळे," कुंजेली अम्मायी नाताळात म्हणाली होती. "या घरातले लोक पानावर टाकलेलंही बांधून नेतात."

दोघी मागच्या पायऱ्यांवर करीमीन साफ करत बसल्या होत्या. पाणी पायरीला लागलेलं. 'मोळे', लेकी, असं ऐकून शेरिन हसली. कुंजेली अम्मायी सासऱ्यांच्या थोरल्या भावाची विधवा. सगळं घर एर्नाकुलमला गेलं तरी ती एकटी बेटावर राहिलेली. एकटं राहणाऱ्या माणसाच्या बोलण्यात थोडा कडवटपणा यायचाच, असं शेरिननं मनाशी ठरवलं आणि खवलं पाण्यात झटकली. खरं तर तिला त्या दिवशी कुणाचंच वाईट वाटून घ्यायचं नव्हतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि सासरच्या जेवणात कुणीतरी पहिल्यांदाच तिच्या नोकरीबद्दल विचारलं होतं.

विचारलं वक्कच्चन अप्पापननं. नवऱ्याचा मधला काका, आता घरातला कर्ता. "दिवसभर नकाशे बघायचा पगार मिळतो म्हणे तुला?"

"नुसते बघत नाही, अप्पापन. किनाऱ्याचा नवा नकाशा निघालाय ना, भरतीरेषेचा. त्यावर लोकांच्या हरकती येतात. कायद्यात कुठली टिकते, कुठली नाही, ते समितीला लिहून द्यायचं."

"म्हणजे समुद्रानं कुठवर यायचं ते आमची सून ठरवते!"

सगळे हसले, तीही हसली. आणि हसण्याच्या भरात तिनं पुढचं सांगितलं. खाजणात खारं पाणी शिरतं तिथवर सगळी जमीन भरतीतलीच धरतात, भराव घालता येत नाही. पण बांधाला एक्याण्णवच्या फेब्रुवारीआधीची उघाडी असेल, पाणी आत-बाहेर सोडायचं दार, तर रेषा त्या दारापाशीच थांबते. आतलं शेत त्या बंधनातून सुटतं.

"दार जुनं पाहिजे फक्त?" अप्पापननं विचारलं होतं.

"जुनं आहे हे दाखवता आलं पाहिजे."

त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या पानात माशाचा मधला तुकडा वाढला. त्या घरात त्यानं कुणाला काही वाढलेलं तिनं त्याआधी पाहिलं नव्हतं.

तो तुकडा तिला एप्रिलमध्ये आठवला, कलक्कलच्या दिवशी. विषूचा सण होऊन कोळंबीचा हंगाम संपला की खाजण सगळ्या बेटाचं होतं. ज्याला वाटेल त्यानं उतरावं, पायानं गाळ ढवळावा, वर येऊन धापा टाकणारे मासे हातानं धरावेत. शेत कुणाच्याही नावावर असो, त्या दिवशी मालकानं बांधावर उभं राहून बघायचं. म्हणून या दिवशी घरातले सगळे बेटावर येतात, आणि मालकिणीनं, म्हणजे कुंजेली अम्मायीनं, सगळ्यांना जेवायला घालायचं.

धक्क्यावर न्यायला वक्कच्चन अप्पापन स्वतः आला होता.

"ये, वकीलमोळे! आण त्या राजकन्येला इकडे."

त्यानं इवाला उचलून घेतलं. आठ महिन्यांच्या इवानं अनोळखी हातात एरवी घर डोक्यावर घेतलं असतं; आज तिनं त्याच्या मिशा धरल्या. शेरिनला तेही आवडलं नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. टिजो पिशव्या मोजत होता. पिशव्या दोनच होत्या.

बांधावरून चालताना तिची नजर नेहमीसारखी पाण्यावर. डावीकडे कायल, खाडीचं खोल पाणी, उजवीकडे खाजण, मधे दोन माणसं जातील एवढी वाट, आणि त्या वाटेवर आपली मुलगी दुसऱ्याच्या खांद्यावर. "सांभाळून, अप्पापन," ती दोनदा म्हणाली. खाजणात माणसं उतरली होती, बायका मुंडू खोचून, पुरुष गळ्यापर्यंत चिखलानं माखलेले. पण सगळे अर्ध्याच शेतात. पलीकडे, बांधाच्या कोपऱ्यात उघाडी होती त्या बाजूला, निळी जाळी ताणलेली होती.

"तिकडे का नाही जात कोणी?"

"गाळ खोल झालाय," अप्पापन म्हणाला. "गेल्या आठवड्यात एकाचा पाय अडकला. उगाच नसती आफत नको."

"कुणाचा?"

"असेल कुणाचातरी." त्यानं इवाला वर उडवलं. शेरिननं दोन्ही हात पुढे केले.

स्वयंपाकघरात सासू, म्हणजे टिजोची आई फिलोमिना, कप्पाचे कंद चिरत होती. कुंजेली अम्मायी चुलीपुढे पाठमोरी. शेरिन आली तरी वळली नाही.

"अम्मायी, तुमचा फोन लागत नाही दोन आठवडे."

"दुरुस्तीला दिलाय," उत्तर सासूनं दिलं.

"गुडघा कसा आहे?"

"त्रिशूरला नेणार आहेत चेट्टायी," पुन्हा सासूच. "तेल, पोटलीचा शेक, सगळं आहे तिथं. महिनाभर राहिलं की पळायला लागेल, बघ."

दहा वर्षं सासू वक्कच्चनच्या घरचं पाणी प्यायली नव्हती. नवऱ्याच्या आजारपणात त्यानं दार लावून घेतलं, ही गोष्ट शेरिननं साखरपुड्यापासून ऐकली होती. आणि आता 'चेट्टायी', मोठे दादा, तेही कप्पा चिरता चिरता, गोड आवाजात.

शेरिननं चुलीपाशी जाऊन हळूच विचारलं, "तुम्हाला जायचंय का त्रिशूरला?"

कुंजेली अम्मायीनं आंबटपणासाठी कुडमपुळीची फोड रश्शात टाकली, डाव हलवला. मग म्हणाली, "मीठ बघ गं."

मीठ बरोबर होतं. शेरिननं तसं सांगितलं. म्हातारीनं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं आणि नजर सासूवरून फिरवून परत रश्शात बुडवली.

जेवायला सगळे लांब टेबलाला बसले. अप्पापन मधे. सासूनं पहिलं वाढलं ते त्यालाच. इवा टिजोच्या मांडीवर भाताची शितं चिमटीत पकडत होती.

"अगदी बापावर गेलीय," सासू म्हणाली. "हाही असाच हावरट. बाप्तिस्म्याच्या दिवशी होडीत बसल्यापासून—"

"फिलोमिने, लोणचं," अप्पापन म्हणाला.

लोणचं त्याच्यासमोरच होतं.

"अहो, सांगू तर द्या. इवानं ऐकलंय कुठं? भरतीची वेळ, स्वयंपाकघराच्या पायरीवरून होडी सुटली ती थेट—"

"लोणचं म्हणतोय ना मी!"

सासूच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग काहीतरी लक्षात आल्यासारखं झालं, मग तिनं पदर सावरला आणि बरणी उचलून जिथल्या तिथं ठेवली.

ही गोष्ट शेरिननं या घरात प्रत्येक सणाला ऐकली होती. टिजोला चर्चला नेताना होडी मधोमध आली, धर्मपिता म्हणून बसलेल्या वक्कच्चनच्या हातून मेणबत्ती पाण्यात पडली, आणि कुंजेली अम्मायीनं एका हातात बाळ धरून दुसऱ्या हातानं ती काढली. वक्कच्चन स्वतः सर्वांत मोठ्यानं हसायचा. आज मात्र तो भात कालवत होता, आणि भात केव्हाच कालवून झाला होता.

"मंगळवारी पाहणीला येणार आहेत," तो सहज म्हणाला. "आपल्या खाजणाची हरकत गेलीय. तुमच्याच संस्थेत येईल म्हणे."

शेरिनचा घास हातातच राहिला. "कसली हरकत?"

"उघाडी जुनी आहे, रेषा चुकीची ओढलीय, एवढंच. आमच्या थोरल्या लोनप्पनचेट्टननं त्र्याऐंशी साली बसवली. वहिनीला सगळं आठवतंय. शेत तिच्या नावावर, सांगणार ती. होय ना, चेट्टत्ती?"

कुंजेली अम्मायी दारात उभी होती. ती डाव घेऊन परत आत वळली.

"अप्पापन, घरचं प्रकरण मी हातात घेऊ शकत नाही," शेरिन म्हणाली. "नातं आहे असं आधीच सांगून बाजूला व्हावं लागतं."

"हो की बाजूला! आम्ही कुठं काय मागतोय? ज्याच्याकडे जाईल त्याला चहा पिताना एवढंच म्हण, म्हातारी खोटं बोलणाऱ्यातली नाही."

"ते मला म्हणायची गरज का पडावी?"

टेबलावरचे सगळे अप्पापनकडे बघू लागले. मग अप्पापन हसला. "बघ टिजो, घरात वकील आणलास. आता उलटतपासणी खा."

टिजोही हसला. उशिरा, आणि जरा जास्तच.

इवाला झोप येतेय, फिरवून आणते, असं सांगून शेरिन उठली. कुणी सोबत येण्याआधीच ती बांधावर होती. मुलीला छातीशी आवळून तिनं निळी जाळी उचलली आणि पलीकडे गेली. गाळ खोल नव्हता. बांधाला लागून तर पाऊलभर पाणी होतं.

उघाडी लाकडाची होती. काळी, झिजलेली, आंजिलीच्या जाड फळ्यांची. बघणाऱ्याला ती शंभर वर्षांची वाटली असती. शेरिननं मात्र लग्नानंतर पहिल्या कलक्कलला इथंच, याच कोपऱ्यात, काँक्रीटच्या कठड्यावर बसून पाय धुतले होते. कठडा आता नव्हता. बांधाची माती ताजी होती, वर गवताची ढेकळं आणून लावलेली.

आणि कालवं.

गेल्या सहा महिन्यांत हरकतींसोबत आलेले उघाड्यांचे कितीतरी फोटो तिनं पाहिले होते. शेजारच्या टेबलावरच्या जीवशास्त्राच्या मुलीनं तिला शिकवलं होतं: कालवं बघ आधी. कायलाच्या बाजूला पाणी बारा महिने असतं, तिथं ती धरतात. शेताची बाजू भाताच्या दिवसांत उघडी पडते, तिथं मरतात. इथं कायलाच्या बाजूची फळी गुळगुळीत होती. शेताच्या बाजूला मात्र कालवांचे थर, वाळून पांढरे झालेले, बोट लागलं तर रक्त निघेल असे धारदार. कुठल्यातरी दुसऱ्या बांधातून काढून आणलेली जुनी उघाडी त्यांनी घाईत उलटी बसवली होती.

"तू इथं का आलीस?"

टिजो. पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली.

"तुला माहीत होतं?"

"दुरुस्ती चाललीय एवढं माहीत होतं."

"टिजो, माझ्याकडे बघून बोल."

त्यानं पाण्याकडे पाहिलं. "शेरिन, भराव पडला तर अप्पापन या कोपऱ्यात आपल्याला जागा देणार आहे. रस्ता येईल. तूच म्हणतेस ना, इथं रांगतं पोर खाली सोडवत नाही? दर वेळी येतेस ती जीव मुठीत धरून येतेस. मला वाटलं..."

"माझ्या भीतीवर घर बांधायला निघालात तुम्ही?"

"तसं नाही गं."

"मग कसं? कुंजेली अम्मायी जन्मभर या पाण्याशेजारी राहिली. तिच्या तोंडून खोटं वदवायचं, आणि मग तिचंच शेत बुजवायचं. ती कुठं जाणार?"

"त्रिशूरहून आल्यावर..."

"येणार आहे ती?"

टिजोनं घराकडे पाहिलं. हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारलेला नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसलं. आणि तेवढ्यापुरता शेरिनला त्याचा राग कमी आला.

"तुझा जन्म कधीचा?" तिनं विचारलं.

"हे काय मधेच? त्र्याण्णव."

"त्र्याण्णवला तुला होडीत घालून चर्चला नेलं. पायरीवरून सुटलेली होडी खाजणातून कायलात गेली. बांधाला उघाडी होती, तर मोठ्ठी होडी, बाळ घेतलेली कुंजेली अम्मायी आणि मेणबत्ती धरलेला वक्कच्चन, हे सगळं त्या दारातून कसं गेलं?"

टिजोनं उघाडीकडे पाहिलं. त्या दारातून एक घागरही आडवी गेली नसती.

"कोपरा मोकळा होता तेव्हा," तो हळू म्हणाला. "उघाडी नंतर झाली. मी पहिलीत असताना काँक्रीट घालत होते, मी त्यात पाय उमटवला म्हणून अम्मायीनं मारलं होतं मला."

घराच्या बाजूनं यंत्रहोडीचा आवाज आला. शेरिन मागं वळली. पुढच्या, कायलाकडच्या पायरीला होडी लागली होती आणि तिच्यात पांढऱ्या चट्टा-मुंडूत, जुन्या ख्रिस्ती बायकांच्या सदरा-लुंगीत, कुंजेली अम्मायी बसलेली, मांडीवर कापडी पिशवी. अप्पापन उभा राहून दोर सोडत होता.

"आज?" शेरिन बांधावरून ओरडली आणि धावतच सुटली. इवा घाबरून रडू लागली. "आजच का? जेवणाची भांडीसुद्धा उचलली नाहीत अजून!"

"डॉक्टरची उद्या सकाळची वेळ मिळालीय, मोळे," अप्पापन म्हणाला. "ऊन डोक्यावर घेऊन बाळाला पळवू नकोस."

"कुठल्या दवाखान्यात? नाव सांगा, मी येऊन जाईन."

"कळवतो ना. पोचलो की कळवतो. आणि मंगळवारी पाहणीला मीच आणेन तिला."

सासू दारात हात पुसत उभी होती. पाय पायरीच्या पुढे येत नव्हते.

"अम्मायी, उतरा," शेरिन म्हणाली. "नको असेल तर जाऊ नका."

कुंजेली अम्मायीनं उठायला हात टेकला. अप्पापननं प्रेमानं, अगदी सगळ्यांना दिसेल इतक्या प्रेमानं, तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिथंच राहिला. ती खाली बसली.

मग तिनं मान वळवली आणि शेरिनशी नाही, इवाशी बोलली. पण आवाज एवढा मोठा की खाजणात वाकलेली माणसं सरळ झाली.

"इवामोळे! तुझ्या बापाला मी या खाजणातून नेलं गं! अशीच भरती होती. मागच्या पायरीवरून निघालो, त्या कोपऱ्यातून सरळ कायलात. ना दार, ना कडी! मधोमध आलो आणि—"

"आणि मेणबत्ती वक्कच्चननं पाडली!" चिखलातून कुणी म्हातारी ओरडली.

सगळं खाजण हसलं. काळे चेहरे, पांढरे दात, हातात तडफडणारे मासे. वर्षानुवर्षं हसत आलेले त्याच जागी हसले, आणि हळूहळू एकेकाचं हसू थांबलं, कारण वक्कच्चन हसला नव्हता. शेत-समितीचा अध्यक्ष तो. पुढल्या हंगामात कुणाच्या शेतात किती पाणी सोडायचं ते त्याच्या हातात. माणसं पुन्हा वाकून गाळ ढवळू लागली.

यंत्र सुरू झालं. होडी दूर जाईतो शेरिन बांधावर उभी होती. कुंजेली अम्मायीनं मागं वळून पाहिलं नाही. तिच्या खांद्यावरचा हात मात्र दिसत राहिला.

सोमवारी शेरिननं संस्थेत नातं सांगितलं, प्रकरणातून बाजूला झाली, कालवांचंही सांगितलं. तिच्या वरिष्ठ सुमा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "मी तपासायला सांगेन," त्या म्हणाल्या. "पण तू त्या घरची सून. भांडलेली सून म्हणून उडवून लावतील. शेत त्या बाईंच्या नावावर आहे. उद्या त्या उघाडीसमोर त्यांचाच शब्द लागेल, आणि तोही धाकाविना दिलेला. त्या कुठं आहेत?"

तेच तर कळत नव्हतं. अप्पापनचा फोन लागे, आणि तो म्हणे, आराम करतेय. द्या बरं त्यांना, म्हटलं की म्हणे, आत्ताच डोळा लागला. सकाळी डोळा लागलेला, दुपारीही लागलेला. दुपारनंतर टिजोनं मोटरसायकल काढली. कुठं, असं शेरिननं विचारलं नाही. त्यानंच दारातून सांगितलं, "एकेक करून सगळी उपचारकेंद्रं बघतो." थोड्या वेळानं बेटावरच थांबलेल्या सासूचा फोन आला; म्हणाली, "पिशवीत तिची गुडघ्याची गोळी घालायची राहिली गं. इथंच आहे, फडताळात." आणि रडू लागली.

इवाला मांडीवर घेऊन शेरिन त्रिशूरचे फोन लावते आहे. त्या नावाचं कुणी नाही, सगळीकडे हेच उत्तर. नाव दुसरंच सांगितलं असेल, असं तिला वाटतं. म्हणून ज्याला त्याला ती सांगतेय, तुम्हालाही सांगतेय. त्रिशूरच्या बाजूला तुमचं कुणी तेलाच्या उपचाराला असेल, तुम्ही भेटायला जाणार असाल, तर शेजारच्या खोल्यांतही डोकवा. पांढऱ्या चट्टा-मुंडूतली, कानाच्या वरच्या पाळीत सोन्याची जाड कडी असलेली, डावा पाय ओढत चालणारी म्हातारी. नाव विचारू नका. एवढंच विचारा, बाळाला चर्चला कसं नेलंत? ती होडीचं सांगू लागली, तर ती तीच, लगेच कळवा. आणि तोंडाशी आलेलं गिळून ती गप्प बसली, तर खोलीत आणखी कोण बसलंय, ते बघा.